घटक ७ : उतारवयातील निसर्गाभ्यासकाचा पत्रव्यवहार

७.० या घटकाविषयी

पत्रवाङ्मयाच्या अभ्यासात आतापर्यंत आपण साहित्यिकांची, समाजसुधारकांची आणि ऐतिहासिक दप्तरांतील पत्रे पाहिली. या घटकात जरा वेगळ्या माणसाच्या पत्रांकडे वळायचे आहे. आयुष्यभर पक्षी, किडे, झाडे आणि माती न्याहाळण्यात गेलेला आणि वय झाल्यावरही टपालाशी संबंध न तोडलेला असा हा माणूस आहे. घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला खाजगी पत्र आणि प्रसिद्धीसाठी रचलेले पत्र यांतील भेद ओळखता यावा, पत्रातील विधानांची पारख करता यावी आणि ‘हे लिहिणाऱ्याला कसे कळले?’ हा प्रश्न कोणत्याही मजकुराला विचारण्याची सवय लागावी, एवढी अपेक्षा आहे.

७.१ प्रास्ताविक

आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण टपालाच्या आधाराने चालले आहे. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा ठिकाणच्या अभ्यासकेंद्रांवर महिन्यातून काही वेळा आपली समंत्रकांशी भेट होते. उरलेले दिवस हे छापील पुस्तक आणि आपण एकमेकांसमोर असतो. शिक्षक दिसत नाही, त्याला मध्येच थांबवून शंका विचारता येत नाही. अंतरावरून शिकणे म्हणजे काय, हे वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे. म्हणून हा घटक आपल्याला परका वाटू नये.

मराठीत पत्राला वाङ्मयाचा दर्जा फार जुन्या काळी मिळाला. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले आणि त्याचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ सिद्ध झाली, ही कथा आपण पहिल्या वर्षी अभ्यासली आहे. मायना कसा लिहावा या संकोचात चांगदेवांचा कागद कोरा राहिला. पत्र लिहिणाऱ्याला समोरच्या माणसाशी आपले नाते आधी ठरवावे लागते, ही पत्राची पहिली अट त्या कथेत आहे. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ (१८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात प्रसिद्ध) नावाने पत्रे असली तरी ती सर्व समाजाला उद्देशून आहेत. तेथे पत्र हे निबंधाचे वेष्टन आहे. साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ पुतणीसाठी लिहिलेली, पण पुढे सर्वांची झाली. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे त्यांच्या निधनानंतर (१९८७) खंडरूपाने प्रसिद्ध झाली आणि कथांमागे दडलेला एक अतिशय बोलका माणूस वाचकांना भेटला.

निसर्गाभ्यासकांच्या बाबतीत इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सेलबॉर्न नावाच्या खेड्यातील या धर्मोपदेशकाने आपल्या परिसरातील पक्षी-प्राण्यांविषयी दोन विद्वान स्नेह्यांना लिहिलेली पत्रे १७८९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी जवळजवळ गाठली होती. गंमत अशी की त्या पुस्तकाच्या आरंभीची काही पत्रे कधी टपालात पडलीच नव्हती. पुस्तकाची मांडणी नीट व्हावी म्हणून ती मागाहून रचली गेली. तेव्हा ‘पत्र’ असा मथळा दिसला की तेवढ्यावर विश्वासू नये. पत्र कोणाला गेले, कधी गेले आणि मुळात गेले का, हे पाहावे.

७.२ एका पिसाचा पीळ : सालिम अली आणि व्हिस्लर

उतारवयातील पत्रव्यवहार समजून घ्यायचा तर त्या व्यवहाराची सवय कशी लागली ते आधी पाहिले पाहिजे. आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण डॉ. सालिम अली (१२ नोव्हेंबर १८९६ – २० जून १९८७) यांचे. जन्म मुंबईचा, बालपण खेतवाडीतले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारण्यासाठी मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. ही गोष्ट आपण शालेय पुस्तकात वाचली असेल. मला त्या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते असे की तिचा आरंभ एका प्रश्नाने आणि त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणाऱ्या परक्या माणसाकडे जाण्याने झाला. पुढे पत्रांनी हेच काम केले.

१९२९ च्या सुमाराची घटना आहे. ह्यू व्हिस्लर हे हिंदुस्थानात पोलीस अधिकारी म्हणून काम केलेले इंग्रज गृहस्थ भारतीय पक्ष्यांचे मान्यवर जाणकार होते. त्यांच्या एका लेखात भृंगराज पक्ष्याविषयी एक विधान होते. हा पक्षी कोतवालाच्या कुळातला. त्याच्या शेपटीची दोन पिसे तारेसारखी लांब असून टोकाशी पाकळीसारखा फराटा असतो. तो फराटा पिसाच्या दांडीच्या कोणत्या बाजूच्या तंतूंचा, याविषयी जुन्या ग्रंथांतून चालत आलेले मत व्हिस्लर यांनी दिले होते. सालिम अलींनी लिहून कळवले की हे बरोबर नाही. दांडीला टोकाशी पीळ पडतो, त्यामुळे बाजू उलटलेली भासते. तेव्हा सालिम अली यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. एक अनोळखी हिंदी तरुण आपली चूक काढतो, याचा व्हिस्लर यांना राग आला आणि त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादकांना आढ्यतेची पत्रे लिहिली. नंतर मात्र त्यांनी आपल्या संग्रहातील नमुने काढून पुन्हा तपासले. पीळ होता. त्यांनी चूक मान्य केली आणि दोघांचा स्नेह जुळला तो कायमचा.

या घटनेचा आपल्या जिल्ह्याशी दूरचा का होईना, संबंध आहे. त्या काळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. पाहणीचा खर्च संस्थानाने करावा, आपण वेतन घेणार नाही, अशी त्यांची अट होती. पत्नी तेहमिना बरोबर असत. गोळा केलेले नमुने आणि टिपणे इंग्लंडला जात. व्हिस्लर तेथे ती तपासून वर्गीकरणाची बाजू लिहीत. या पाहणीचा वृत्तांत पुढे सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला. रानात पाहणारा एकीकडे, संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहणारा हजारो मैलांवर आणि मध्ये जहाजाचे टपाल, अशी ही कार्यपद्धती होती. एका शंकेला उत्तर यायला आठवडे लागत. पण उत्तर उशिरा येणार हे माहीत असल्यामुळे प्रश्न नीट विचारावा लागे, हा त्यातला लाभही ध्यानात घ्या.

हीच पद्धत सालिम अलींनी म्हातारपणी मोठ्या प्रमाणावर वापरली. अमेरिकेतील एस. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड निघाला तेव्हा सालिम अली एकाहत्तर-बाहत्तर वर्षांचे होते आणि रिप्ली वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुखपद सांभाळत होते. दोन खंडांवर राहणारे हे दोन ग्रंथकार सहज एका टेबलाशी बसू शकत नव्हते. आत्मचरित्र तर सालिम अलींनी १९८५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध केले. पाय पूर्वीसारखे चालेनासे होतात, तेव्हा अभ्यासकाला दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहावे लागते. ते डोळे त्याच्यापर्यंत पत्रांतून पोहोचतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : व्हिस्लर यांनी चूक मान्य करण्यापूर्वी काय केले? त्या कृतीवरून निसर्गविषयक पत्रातील विधान आणि ललित पत्रातील विधान यांत कोणता फरक दिसतो? (पाच-सहा ओळी)

७.३ डाऊन गावचे म्हातारे गृहस्थ

आता क्षणभर परदेशात जाऊ, कारण उतारवयातील निसर्गाभ्यासकाच्या पत्रांचा सर्वांत मोठा उपलब्ध साठा तेथे आहे. चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे आज ज्ञात आहेत. पत्रलेखकांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. केंब्रिजमधून १९८५ पासून ही पत्रे क्रमाने संपादित होऊन ३० खंडांत आली. डार्विन १८४२ पासून मरेपर्यंत केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहिले. प्रकृती नाजूक, प्रवास नकोसा. जगाची माहिती त्यांच्याकडे टपालाने येत असे.

आपण काळ्या जमिनीच्या मुलखातले. तेव्हा त्यांचे शेवटचे पुस्तक आपल्याला विशेष जवळचे वाटावे. ते आहे गांडुळांवर. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. गांडुळे माती खाऊन वर टाकतात आणि हळूहळू जमिनीचा सुपीक थर तयार करतात, हे त्यांनी त्यात मांडले. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आज कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. त्यामागे या म्हाताऱ्या माणसाचे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. त्यासाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील जॉन स्कॉट यांनी बंगालमधील गांडुळांविषयी निरीक्षणे कळवली होती. आपल्या देशातील मातीची खबर अशी एका इंग्रजी खेड्यात पोहोचली.

याच वर्षी जुने सहकारी वॉलेस यांना लिहिलेल्या पत्रात मात्र सूर उदास आहे. वर्षानुवर्षे चालणारे संशोधन हीच आपल्याला आनंद देणारी एकमेव गोष्ट, पण ते आरंभण्याची उमेद आणि ताकद आता उरलेली नाही, असा त्या पत्राचा आशय. पुस्तकात हा सूर कोठेही नाही. पुस्तकातला डार्विन आत्मविश्वासाने गांडुळांची माती मोजतो, पत्रातला डार्विन थकला आहे. दोन्ही खरे आहेत. पत्रांचा अभ्यास का करायचा, या प्रश्नाला एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

ब्राझीलमध्ये राहणारे फ्रिट्झ म्युलर यांच्याशी डार्विन यांचा सतरा वर्षे पत्रव्यवहार होता. भेट एकदाही झाली नाही. तेथील पुरात म्युलर यांचे नुकसान झाल्याचे कळताच डार्विन यांनी पुस्तके-उपकरणे गेली असल्यास १०० पौंड पाठवण्याची तयारी कळवली. आपल्याकडे ‘पत्रमैत्री’ हा शब्द थोडा हलका, वयात आलेल्या मुलामुलींचा छंद अशा अर्थी वापरला जातो. तो शब्द असा खर्ची पडला, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आणि शेवटचे पत्र. फेब्रुवारी १८८२ मध्ये नॉर्दम्प्टनच्या डब्ल्यू. डी. क्रिक या जोडे बनवण्याच्या धंद्यातील हौशी निरीक्षकाने डार्विन यांना कळवले की, आपल्याला एक पाणभुंगा सापडला असून त्याच्या पायाला लहानसा शिंपला घट्ट चिकटलेला आहे. गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या, दूरच्या तळ्यात कसे जातात, हा डार्विन यांचा जुना प्रश्न होता. त्यांनी लगेच उलट विचारणा केली: भुंगा किती मोठा, शिंपला किती, पायाचा कोणता भाग पकडला आहे? क्रिक यांनी भुंगा आणि शिंपला दोन्ही टपालाने पाठवून दिले. भुंगा अजून धुगधुगी धरून होता; त्याला त्रास न होता चटकन मरण यावे म्हणून डार्विन यांनी त्याला विशिष्ट पाल्याच्या बाटलीत ठेवले. या निरीक्षणावरील त्यांचे टिपण ६ एप्रिलला ‘नेचर’ नियतकालिकात आले. १९ एप्रिलला ते वारले. (या क्रिक यांचा नातू फ्रान्सिस क्रिक पुढे डीएनएच्या रचनेचा एक शोधक म्हणून जगप्रसिद्ध झाला. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) त्र्याहत्तर वर्षांचा जगन्मान्य शास्त्रज्ञ एका अनोळखी धंदेवाइकाला ‘हे कसे, ते किती’ असे विचारतो, तेव्हा त्या पत्रात थोरला कोण आणि धाकटा कोण हे सांगता येत नाही. विचारणारा शिकत असतो, एवढेच दिसते.

७.४ जाणणे आणि सांगणे : पत्राची भाषा

मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्याने या भागात थोडा रेंगाळणार आहे. पुढील चार वाक्ये मोठ्याने वाचा.

काल रात्री वस्तीवर लांडगा आला.
काल रात्री वस्तीवर लांडगा आला म्हणे.
काल रात्री वस्तीवर लांडगा आला असावा.
काल रात्री वस्तीवर लांडगा आलेला दिसतो.

चारही वाक्यांत घटना एकच आहे. पण पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः जबाबदारी घेतो. दुसऱ्यात ‘म्हणे’ या एका शब्दाने तो जबाबदारी अनाम लोकांवर सोपवतो. तिसऱ्यात तो तर्क करतो. चौथ्यात त्याच्यासमोर काही खूण आहे. माग असेल, विस्कटलेले दावण असेल. ज्ञानाचा उगम वाक्यरचनेतूनच सांगण्याची ही सोय आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की आपल्याला तिची जाणीवही नसते. व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांत ‘म्हणे’ला पुरेशी जागा मिळालेली नाही, असे माझे मत आहे.

छापील शास्त्रीय ग्रंथात हे सारे पुसले जाते. तेथे ‘हा पक्षी हिवाळ्यात येतो’ असे सरळ विधान असते. कोणी पाहिला, किती लांबून, पहिल्यांदा की दहाव्यांदा, हे नाहीसे होते. पत्रात ते टिकते. उदाहरणासाठी मी एक पत्र रचले आहे. जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरील येलदरी धरणाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाने भाच्याला लिहिले आहे, अशी कल्पना करा.

“चि. बाळास अनेक आशीर्वाद. गुडघा धरल्यामुळे आठ दिवस पाण्याकडे गेलो नाही. गुराखी सांगत होता की चक्रवाक आले म्हणे. आज काठी टेकत बांधापर्यंत गेलो. पाण्याच्या कडेला विटकरी रंगाचे दोन मोठे पक्षी दिसले. फार लांब होते, चक्रवाकच असावेत. गेल्या खेपेस दिवाळीनंतर आठव्या दिवशी आल्याची माझ्या वहीत नोंद आहे. दृष्टी पूर्वीची राहिली नाही, म्हणून पैजेवर सांगत नाही. तुझ्या आईस नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती. ता. क. – संध्याकाळी पुन्हा गेलो. ओरडले, तेव्हा खात्री पटली. चक्रवाकच.”

या दहा-बारा ओळींत ज्ञानाचे किती स्रोत आहेत ते मोजा. ऐकीव माहिती आहे आणि तिचा धनी, म्हणजे गुराखी, नोंदलेला आहे. डोळ्यांनी पाहिलेले आहे. पाहण्यावरून केलेला तर्क आहे आणि त्याला ‘असावेत’ची मर्यादा आहे. जुन्या नोंदीचा दाखला आहे. आपल्या वयाची, अधू दृष्टीची कबुली आहे, आणि ती केविलवाणी नाही: विधानावर किती भरवसा ठेवायचा हे वाचकाला कळावे म्हणून ती केलेली आहे. शेवटी कानांनी दिलेली खात्री आहे. ताज्या कलमात लेखकाने मूळ मजकूर खोडलेला नाही. सकाळची शंका तशीच ठेवून खाली संध्याकाळची खात्री जोडली आहे. ग्रंथात शंका गळून जाते आणि निष्कर्ष उरतो. पत्रात दोन्ही एकाच कागदावर राहतात. मायना आणि ‘लोभ असावा’ यांसारखे ठरीव भाग आणि हे बदलते, सावध वाक्य यांची सांगड कशी बसली आहे, तेही पाहा.

येथे माझीच एक चूक सांगणे भाग आहे. या पुस्तकाच्या आधीच्या मसुद्यात, बोलीतील पक्षिनामांविषयी लिहिताना मी ‘भोरडी म्हणजे चिमणीएवढा, कणसावरचा एक पक्षी’ असे लिहिले होते. सेलू तालुक्यातील एका विद्यार्थ्याने पोस्टकार्डावर कळवले: “सर, भोरडी चिमणीएवढी नसते. साळुंकीएवढी असते. अंगाने गुलाबी, डोके आणि पंख काळे. थव्याने ज्वारीवर उतरते. आम्ही लहानपणी गोफण घेऊन राखण केली आहे.” ‘आम्ही राखण केली आहे’ या चार शब्दांपुढे माझ्या शब्दकोशाचे काही चालले नाही. भोरडी म्हणजेच पळसमैना. हिवाळ्यात ती आपल्याकडे पाहुणी येते, ज्वारी खाते आणि नाकतोडेही खाते. मी मसुदा दुरुस्त केला. व्हिस्लर यांना आला तसा राग मला आला नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. दोन दिवस आला होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : वरील रचलेल्या पत्रातील ‘म्हणे’, ‘असावेत’, ‘नोंद आहे’, ‘खात्री पटली’ या प्रयोगांच्या जागी सरळ विधाने घालून पत्र पुन्हा लिहा. काय हरवले ते सांगा.

७.५ पत्रव्यवहारात कोण नाही?

आतापर्यंतचे विवेचन वाचून असा समज होईल की पत्रव्यवहार हे चूक सुधारण्याचे खात्रीचे साधन आहे. तसे ते आहेही, पण एका मर्यादेत. ही मर्यादा मला या घटकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पाणथळ पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून सालिम अलींनी स्वातंत्र्यानंतरच्या काळापासून प्रयत्न केले. देशाच्या सर्वोच्च नेत्यांपर्यंत त्यांचा शब्द पोहोचत असे. नेहरूंनी तुरुंगातून, नैनी तुरुंगात असलेल्या इंदिरेला भेट पाठवले होते ते पुस्तक सालिम अलींचेच होते, यावरून त्या नात्याची कल्पना यावी. केवलादेव वाचले, याचे श्रेय त्यांना निःसंशय आहे. परंतु उतारवयातील त्यांच्या आग्रहांपैकी एक असा होता की तेथे गुरांना, म्हशींना चरू देऊ नये. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. आसपासच्या गावांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून असे निष्पन्न झाले की म्हशी पाण्यातले गवत खाऊन ते आटोक्यात ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवत माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि पाणपक्षीही घटले.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. भृंगराजाच्या पिसाविषयीची चूक एका पत्राने दुरुस्त झाली, कारण चूक दाखवणारा लिहू शकत होता आणि ते लेखन छापणारे नियतकालिक होते. म्हशी आणि गवत यांचे नाते तेथील गुराख्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. पण गुराखी वैज्ञानिकांना पत्रे लिहीत नाहीत. लिहिली असती तरी ती कोणत्या फायलीत गेली असती? पिसातील पीळ दिसणाऱ्या डोळ्यांना हे दिसले नाही, याचे कारण बुद्धीची कमतरता नव्हे. त्या पत्रव्यवहाराच्या वर्तुळात ते लोक नव्हते. सालिम अलींविषयीचा माझा आदर यामुळे कमी होत नाही. थोर माणसाचा पत्रसंग्रह मात्र मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने वाचतो: नावांची सूची पाहतो आणि तिच्यात कोण नाही ते शोधतो.

मराठीत या उणिवेचे भान मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनात आढळते. वनखात्यातील छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावे आणि जंगलाचे ज्ञान आदिवासींकडून, रानात राबणाऱ्या माणसांकडून तोंडी गोळा केले आणि ते त्यांचे आहे हे लिहून ठेवले. जेथे पत्र पोहोचत नाही तेथे पायी जावे लागते. वय झालेल्या अभ्यासकाला नेमके तेच अवघड होते, आणि म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी गुराख्याजवळ बसून लिहून घ्यायला हवे.

७.६ खाजगी पत्र वाचण्याचा अधिकार

या प्रश्नावर थोडक्यात. पत्र एका माणसासाठी लिहिलेले असते. आपण त्याच्या खांद्यावरून वाकून वाचतो. पत्रसंग्रह बहुधा अर्धाच असतो, कारण आलेली पत्रे घरी राहतात आणि पाठवलेली दुसऱ्यांच्या घरी. संपादक नको ते गाळतात. याशिवाय माणूस समोरच्याला लिहितो ते आणि त्याच्याविषयी स्वतःच्या दैनंदिनीत लिहितो ते, यांत अंतर असू शकते. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत सालिम अलींबरोबर असलेल्या रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या दैनंदिनीत त्यांच्याविषयी बरेच हिणकस लिहिले. तो मजकूर सालिम अलींनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात छापला. त्या अधिकाऱ्याच्या पक्षिसंग्रहातील अनेक नमुन्यांच्या नोंदी बनावट असल्याचे पुढे सिद्ध झाले, ही वेगळी गोष्ट. आपण अभ्यासासाठी घरातील जुनी पत्रे वापरणार असाल तर घरच्यांची परवानगी घ्यावी आणि तिसऱ्या व्यक्तीची नावे गाळावीत.

७.७ स्वाध्याय आणि प्रकल्प

१. ‘निसर्गाभ्यासकाचे पत्र हे पूर्ण न झालेले विधान असते.’ या मताशी आपण सहमत आहात का? पाठातील किमान दोन घटनांच्या आधारे लिहा. (३०० शब्द)

२. लोकहितवादींचे एखादे पत्र आणि आपल्या घरातील एखादे जुने अंतर्देशीय पत्र यांच्या मायन्याची आणि समारोपाची तुलना करा.

३. प्रकल्प : आपल्या गावातील साठीच्या पुढील, शेतात किंवा गुरांमागे आयुष्य गेलेल्या एका व्यक्तीजवळ दोनदा बसा. एखादा पक्षी, झाड, किडा किंवा पावसाची खूण यांविषयी त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. ‘म्हणे’, ‘असंल’, ‘म्या पाह्यलंय’ यांसारखे शब्द प्रमाणभाषेत बदलू नका. त्यावरून त्या विषयाच्या जाणकाराला, कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला, त्या व्यक्तीच्या परवानगीने आणि तिच्या नावासह एक पत्र लिहा व खरोखर टपालात टाका. पत्राची नक्कल आणि आलेले उत्तर अभ्यासकेंद्रावर सादर करावे. ते उत्तर त्या व्यक्तीला वाचून दाखवावे आणि त्यावर ती काय म्हणाली तेही जोडावे. उत्तर न आल्यास पत्र टाकल्याची तारीख लिहून नक्कल तेवढी द्यावी. गुण कमी होणार नाहीत.